मत देणें व मत विकणें

लोकशाहींत प्रत्येक प्रौढ मनुष्यास एक मत असतें. सावकारास दोन नाहींत व मोलमजुरास अर्धें नाहीं. ही समता कायद्याच्या कागदावरच राहते कीं मतदानाच्या दिवशीं खरोखर अनुभवास येते, हा राज्यकारभाराचा प्रश्न तर आहेच; पण तो विवेकाचाही आहे, म्हणून आम्ही तो मंडळीपुढें ठेवितों.

शास्त्यांच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांत अबीमलेखाची गोष्ट आहे. तो आपल्या आजोळीं शखेमास गेला व मी तुमच्याच नात्याचा आहें, असें त्यानें लोकांच्या कानीं घातलें. लोकांचीं मनें वळलीं. त्यांनीं बआल-बरीथाच्या देवळांतून चांदीचीं सत्तर नाणीं काढून त्यास दिलीं. त्या पैशानें त्यानें उनाड माणसें मोलानें ठेविलीं, आपल्या भावांचा वध केला व राजा झाला. तीन वर्षांनंतर त्याच शहराचा नाश करून त्यानें तेथें मीठ पेरलें. शखेमाच्या लोकांनीं नातें पाहिलें, पैसा पुरविला. चारित्र्य मात्र पाहिलें नाहीं. आणि पैसा देवळाचा होता, म्हणून त्याचें फळ पवित्र झालें नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतही जानेवारी २०२१ मध्यें ग्रामपंचायतींच्या निवडणुकांपूर्वी नाशिक जिल्ह्यांतील उमराणें व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी या गांवीं पदांसाठीं लिलाव झाल्याचें उघडकीस आलें. उमराण्याची बोली दोन कोटींवर गेली, व तो पैसा देवळाच्या बांधकामास लागणार, असें सांगण्यांत आलें. राज्य निवडणूक आयोगानें दोन्ही ठिकाणच्या निवडणुका रद्द केल्या.

ही दुसऱ्यांच्या देवळाची गोष्ट आहे असें समजून आपण ख्रिस्ती लोकांनीं स्वस्थ बसूं नये. आपल्या प्रार्थनामंदिराचे पत्रे गळत असतात. कोणी उमेदवार येऊन म्हणतो, मंडळीचीं सारीं मतें द्या, पावसाळ्यापूर्वी नवे पत्रे घालून देतों. पंच म्हणतात, यांत कोणाचा स्वार्थ आहे? देवाच्याच घराचें काम होतें ना?

आमचें उत्तर असें. प्रथम, मंडळीचीं मतें देऊं करण्याचा अधिकार पंचांस नाहीं, पाळकासही नाहीं. मत प्रत्येकाचें आहे, व तें गुप्त ठेविलें आहे तें अशाकरितांच कीं कोणीं कोणाच्या वतीनें त्याचा सौदा करूं नये. दुसरें, मत ही आपणांपाशीं दिलेली ठेव आहे. ज्या बालकास अद्याप मत नाहीं, ज्या विधवेचें गाऱ्हाणें कचेरींत कोणी ऐकत नाहीं, त्यांच्याही हिताकरितां तें आपल्या हातीं आहे. ठेव विकून दान करणें हें दान नव्हे. तिसरें, जेथें पद बोलीनें मिळतें तेथें गरीब पण लायक मनुष्य उभाच राहूं शकत नाहीं. आणि ज्यानें पद विकत घेतलें, तो आपला पैसा परत काढावयास बसतो. मग विहिरीचें काम कां अडलें, हें त्यास विचारावयास आपणांस तोंड उरत नाहीं.

निवडून आल्यास सर्व गांवास रस्ता करीन, असें उघड वचन ही लाच नव्हे. मतांच्या बदल्यांत एका वस्तीस, एका मंडळीस दिलेली वस्तु ही लाच होय. कायद्यानें ती देणारा व घेणारा दोघेही अपराधी आहेत, व त्यांस एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

कोणी म्हणतात, पैसे घ्यावे व मत मनास येईल त्यास द्यावें. यंत्रांत कोण पाहतो? ज्याच्या घरीं सायंकाळचें पीठ नाहीं, त्याच्या हातांतील नोटेकडे पाहून कठोर बोलण्यास आमची जीभ धजत नाहीं; त्याच्या भुकेचा व्यापार करणाराचा दोष मोठा. तथापि घेऊन फसविणें म्हणजे एका पापास दुसरें जोडणें. होयचें होय असलें पाहिजे, ही प्रभूची शिकवण मतदानाच्या दिवशींही लागू आहे.

पैशाचें दुसरें रूप अधिक सूक्ष्म आहे. अबशालोमानें पैसे वांटल्याचें शास्त्रांत नाहीं. त्यानें रथ व घोडे ठेविले, पुढें धांवावयास पन्नास माणसें ठेविलीं, वेशीपाशीं उभें राहून येणाऱ्याजाणाऱ्यास गोंजारिलें, आणि लोकांचीं मनें आपलीशीं केलीं. आजचे रथ म्हणजे मोटारींची रांग, व आजचीं पन्नास माणसें म्हणजे चौकांतील फलक व मोबाइलवर येणारीं चित्रें. २००९ सालच्या निवडणुकांत तर पैसे घेऊन छापलेली स्तुति बातमी म्हणून वाचकांपुढें आल्याचे आरोप झाले, व प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली. विधानसभेच्या उमेदवारास मोठ्या राज्यांत ४० लाख व लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख रुपये, अशी खर्चाची मर्यादा २०२२ सालीं ठरली; पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चास अशी मर्यादा घातलेली नाहीं. २०१८ पासून निवडणूक रोख्यांच्या योजनेनें देणगीदारांचीं नांवें मतदारांपासून झांकून ठेविलीं होतीं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती घटनाबाह्य ठरविली; पक्षास पैसा कोण पुरवितो हें जाणणें हा मतदाराचा अधिकार आहे, असा त्याचा आशय होता.

परंतु न्यायालय आपले डोळे उघडूं शकत नाहीं. ते आपणच उघडले पाहिजेत. शमुवेलासारखा संदेष्टाही एलियाबाची उंची पाहून क्षणभर भुलला, मग आपली काय कथा! म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे कीं, उपासनेंत कोणत्याही पक्षाचें नांव घेऊं नये. पण विधानसभेच्या व लोकसभेच्या निवडणुकींत उमेदवारांचीं प्रतिज्ञापत्रें मिळतात, त्यांत त्यांची मालमत्ता व त्यांजवरील फौजदारी खटले नमूद असतात, तीं सर्वांचींच सारखीं, ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस वाचून दाखवावीं. इथ्रोनें मोशेस सुचविलेली कसोटी, म्हणजे देवभीरु, सत्यप्रिय व लोभाचा तिटकारा असलेला मनुष्य, लोकांस शिकवावी.

आणि पत्रे? ते आपण धान्याच्या मुठी जमवून, एकेक करून घालूं. एखादा पावसाळा मंदिरांत भिजावें लागलें तर भिजूं. पण त्या छपराखालीं उभें राहून न्यायाविषयीं उपदेश करितांना आपणांस मान खालीं घालावी लागणार नाहीं.