एक मिनिट बारा सेकंद

खामगाव ते अकोला साधारण ५० किलोमीटर. ताशी १०० ने गाडी हाकली तर अर्धा तास, ८० ने हाकली तर साडेसदतीस मिनिटं. हे अर्थात कागदावरचं गणित; मध्ये एखादा ट्रॅक्टर किंवा उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल आली की ते कोलमडतं. पण सगळ्याच रस्त्यावर वेग कमी करा, असं कुणी म्हणत नाही. म्हणणं असतं एखाद्या तुकड्याबद्दल. गाव लागतं तिथे, फाटा फुटतो तिथे, उतार संपून वळण येतं तिथे. असा ३ किलोमीटरचा तुकडा १०० ऐवजी ६० ने पार केला तर जास्तीचा वेळ किती जातो? १ मिनिट १२ सेकंद. तेवढ्यावरून आपण पुढच्याला हॉर्न मारून बेजार करतो.

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३. सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी अजूनही ‘सहा नंबर’. याच महामार्गावर अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान लोणी ते माना या भागात एका पदराचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. कौतुक वाटावं असंच काम. पण रस्ता कितीही झपाट्याने झाला, तरी घर अलीकडे आणि वावर पलीकडे, ही त्याच्या कडेच्या गावांची मांडणी काही बदलत नाही. कापूस वेचायला निघालेल्या बाया, शाळेची पोरं, एसटीला हात दाखवायला पलीकडे जाणारे म्हातारे, यांना रस्ता ओलांडावाच लागतो. दुभाजकात फट असेल तिथून ते ओलांडतात. आपण त्यांना मनसोक्त दोष दिल्यानंतरही ते तिथूनच ओलांडणार आहेत.

गाडी चालवणाऱ्याची बाजूही बघू. वेगाला डोळा सरावतो. तासभर शंभरने धावल्यावर काटा साठवर आला की गाडी रांगतेय असं वाटतं. काटा प्रत्यक्षात पंचाहत्तरवर असतो आणि मन मात्र सांगत असतं, केला की वेग कमी. यात लबाडी नाही, मेंदूची घडणच तशी आहे. अडचण एवढीच की ब्रेक मनाच्या हिशेबाने लागत नाहीत. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले धरा. ताशी ६० ची कार साधारण ३७ मीटरांत थांबते, १०० ची सुमारे ८३ मीटरांत. आणि ज्या जागी साठची गाडी पूर्ण थांबलेली असते, तिथे शंभरची गाडी अजून नव्वदच्या वर असते. हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचावं, अशी माझी विनंती आहे. आपल्याला वाटतं, थोडा जास्त वेग म्हणजे थोडा जास्त मार. तसं ते नसतं. एकाच्या वाट्याला नुसती दचक येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला मरण.

पहाट तर आणखी वाईट. २ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे नांदुऱ्याजवळ वडनेर भोलजी इथे, महामार्गाच्या कामासाठी मेळघाटातून आलेल्या मजुरांच्या कडेच्या निवाऱ्यात ट्रक घुसला आणि काही जण झोपेतच गेले. २ एप्रिल २०२५ च्या पहाटे खामगाव-शेगाव रस्त्यावर बोलेरो, एसटी आणि खासगी बस अशा तीन गाड्यांच्या अपघातात ५ जणांचा जीव गेला. कुठल्याही अपघाताचं कारण एकटा वेग नसतो. झोप असते, अंधार असतो, कुणाची तरी घाई असते. पण लागलेल्या एका डुलकीची किंमत किती, हे बऱ्याचदा वेगच ठरवतो.

कायद्यात सोय आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ११२ प्रमाणे राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा एखाद्या रस्त्यावरची वेगमर्यादा खाली आणू शकते. राजपत्रात अधिसूचना काढायची आणि पाट्या लावायच्या. बंधन महिनाभरापुरतंच असेल तर अधिसूचनेचीही गरज नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १०० ने जाणाऱ्या कारला बोरघाटात ६० चं बंधन आहे. लोक कॅमेऱ्यांच्या नावाने कुरकुरतात, पण मुंबई-पुणे प्रवास काही बंद पडलेला नाही.

पाटी मात्र खरी हवी. काम आटोपून ठेकेदार कधीच निघून गेलेला असतो आणि ‘काम चालू आहे, वेग २०’ ही पाटी तशीच उभी असते. अशा पाट्यांनीच आपल्याला पाटी न वाचायची सवय लावली. शंभरच्या वेगात अचानक तीसचा आकडा दाखवणंही उपयोगाचं नाही. त्यावर नवखा जोरात ब्रेक मारतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो. आधी ८०, मग ६०, मग ४० अशी उतरण हवी, रात्री चमकणारे अंक हवेत, पुढे शाळा आहे की वळण आहे हे सांगायला हवं. आणि बंधन जिथे संपतं तिथे ते संपलं, हेही सांगायला हवं. कारण कळलं की माणूस ऐकतो, निदान बरेच जण ऐकतात. उरलेल्यांसाठी रम्बलर आणि चलन आहेच.

आषाढीची वारी करून पंढरपूरहून परतताना गजानन महाराजांच्या पालखीचा मुक्काम खामगावात असतो. दुसऱ्या दिवशी शेगावपर्यंत लाखो भाविक पायी चालतात. त्या दिवशी तो रस्ता चालणाऱ्यांचा असतो. वाहनं दुसऱ्या वाटेने वळवतात, वेळ जास्त लागतो आणि कुणी त्याबद्दल ब्रदेखील काढत नाही. एरवीही या भागातल्या रस्त्यांवर माणसं चालतातच. फक्त ती संख्येने थोडी असतात आणि त्यांच्या हातात पताका नसते.

तुमच्या गावच्या फाट्यावर असा तुकडा असेल तर ग्रामसभेत ठराव करा आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवा; जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. ‘इथे अपघात होतात’ एवढंच लिहू नका. कोणत्या किलोमीटरच्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत, माणसं कोणत्या वेळी ओलांडतात, किती ओलांडतात, दिवा आहे की नाही, हे लिहा. आज सकाळी निघणार असाल तर मात्र पाटीची वाट पाहू नका. फाटा दिसला की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा.