उंबरठ्यापलीकडचें पाणी

अहमदनगर, ज्याचें सरकारी नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे, हें निजामशाहीच्या राजधानीचें शहर. त्या राजवटींत कापुरवाडी, शेंडी इत्यादि वरच्या अंगाच्या गांवांकडून खापरी नळांनीं पाणी शहरांतील हौदांत आणलेलें होतें. भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून घातलेले, आणि पाणी वाहावयाचें तें केवळ उताराच्या बळावर. अशा नळाचा एक स्वभाव असतो. तो एका घावानें क्वचितच निकामी होतो. तो बहुधा भरून येतो. आधीं मूठभर गाळ, मग केसाएवढें एखादें मूळ, आणि मग त्या मुळास अडकलेला आणखी गाळ. ज्या दिवशीं पाणी थांबतें त्या दिवशीं विशेष असें कांहींच घडलेलें नसतें. जें घडावयाचें तें त्यापूर्वींच्या सहस्र दिवसांत घडून गेलेलें असतें.

हें आठवण्याचें कारण अगदीं घरगुती आहे. नगरांतील एका वाड्यांत आमचें कांहीं वर्षें बिऱ्हाड होतें. तेथें एके हिवाळ्यांत मोरी तुंबली. चार बिऱ्हाडांचें पाणी एकाच नळांतून गटारास जाई. आम्ही तिघे माडीवर. घाण पाणी उलटून आलें तें तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघरांत. नळ मोकळा करणाऱ्या माणसानें आंतून जें काढलें तें साबणाच्या वडीसारखें पांढरें व घट्ट होतें: थंडीनें थिजलेलें तूप-तेल, आणि त्यांत रुतलेला चहाचा चोथा, केस, भाताचीं शितें. "हें कुणी टाकलं?" असें त्यानें विचारलें. आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. कोणींच टाकलें नव्हतें. आणि प्रत्येकाच्या समजुतीप्रमाणें तें खरेंहि होतें!

या उत्तरांत नीतिशास्त्राचा एक खरा पेंच आहे. कर्माचा दोष आपण कर्त्याच्या हेतूवरून ठरवितों. हेतु नाहीं तेथें फार तर चूक, अपराध नव्हे. शिवाय जें कृत्य स्वतःपुरतें कोणाचेंच नुकसान करीत नाहीं तें आपण निर्दोष मानतों. आतां कढईंतील पळीभर तेल मोरींत ओतणें हें या दोन्ही कसोट्यांस उतरतें. हेतु वाईट नाहीं, आणि तेवढ्या तेलानें कोणताहि नळ तुंबत नाहीं. मग कित्येक वर्षांच्या निर्दोष पळ्यांची बेरीज होऊन खालच्या बाईंचें स्वयंपाकघर नासलें, तें पाप कोणाच्या माथीं? आम्हांस असें वाटतें कीं, एकेक कृत्य सुटें काढून तपासणें हीच येथें चूक होते. तपासावयाची ती संवय. ती अजाणतां जडली असेल. पण एकदां दिसल्यावर सोडणें न सोडणें आपल्या हातीं असतें, आणि तेथून पुढें "आमच्या मनांत कांहीं नव्हतें" हा बचाव चालत नाहीं.

मोरीसाठीं एवढें तत्त्वज्ञान कशाला, असें कोणी म्हणेल. तर मग नळाकडे वळूं. आज नगरास मुळा धरणाचें पाणी पंपांनीं चढवून आणलें जातें. जेथें पाणी ठराविक वेळींच येतें तेथें तें आल्याचें कळावें म्हणून तोटी उघडीच ठेवण्याची संवय लागते. कोणाच्या घरीं रबरी नळीचें तोंड भरल्या बादलींत बुडालेलें असतें. पाणी वाहून जातें ही हानि सर्वांस दिसते. सेकंदास एक थेंब गाळणारी तोटीहि दिवसांत सुमारें २० लिटर पाणी घालविते, आणि ती थांबविण्यास बहुधा एक नवा वायसर पुरतो. न दिसणारी हानि याहून मोठी आहे. पाणी गेलें म्हणजे नळांतील दाब नाहींसा होतो, आणि मग नळाच्या फुटक्या सांध्यांतून, त्या बुडालेल्या नळींतून बाहेरचें घाण पाणी आंत ओढलें जाऊं शकतें. पुढच्या पाळीस तें शेजारच्या मुलाच्या पेल्यांत पडतें. विषमज्वर आणि कावीळ घरांत शिरतात त्या वाटांपैकीं ही एक आहे. आणि ती वाट खुली ठेवणारा गृहस्थ स्वतःस अत्यंत निरुपद्रवी समजत असतो.

स्वच्छतेची चाड आम्हां लोकांस नव्हती असें नाहीं. पिण्याच्या पाण्याचा हंडा कोठें ठेवावा, त्यास कोणी शिवावें, हे सोंवळ्याचे बारकावे आमच्या आज्यांस तोंडपाठ होते. पण तो सारा विवेक मोरीच्या भोकापाशीं संपे. त्यापलीकडचें जग विशिष्ट जातींच्या माथीं मारलेलें होतें, आणि जें आपणांस कधीं साफ करावयाचें नाहीं त्याची काळजी घेण्याची संवय लागणार कोठून? याच जिल्ह्यांतील पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, ज्यांना पुढें मुळशीच्या सत्याग्रहामुळें महाराष्ट्र सेनापति म्हणूं लागला, हे विलायतेस जाऊन आलेले विद्वान्. त्यांनीं आपल्या गांवीं हातांत झाडू घेऊन रस्ते व शौचकूप साफ केले. २०१३ सालच्या कायद्यानें मैला हातानें उचलविण्यास आणि साधनांवांचून गटार साफ करविण्यास बंदी आहे. तरी गटारांत गुदमरून माणसें मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहींत. त्यांस खालीं उतरावें लागतें त्यांत आमच्या पळ्यांचाहि वांटा आहे.

त्या प्रसंगानंतर वाड्यांतील सर्व मोऱ्यांस जाळ्या बसल्या. कढई रद्दी कागदानें पुसून मग घांसावी, चोथा झाडांस घालावा, असें ठरलें. दोन महिन्यांनीं आमच्या शेजारच्या बिऱ्हाडानें जाळी काढून ठेवली, कारण तिच्यामुळें पाणी सावकाश जाई. आम्हीं ती पुन्हां बसविली. त्यांनीं ती पुन्हां काढली. खालच्या बाईंनीं कधींच तक्रार केली नाहीं. वर भांडीं पडल्याचा आवाज झाला म्हणजे त्या हातांतलें काम टाकून मोरीवर वांकून पाहत, पाणी खालीं जातें आहे कीं वर येतें आहे.