उरलेल्या वयाची सोबत

आमच्या सांबऱ्यात विमानाचा आवाज आला की घराघरातल्या म्हाताऱ्या एकदा वर बघतात. विमानतळ गावाला लागूनच. पण त्या विमानातून आपलं कुणी उतरणार नाही, हे ठाऊक असूनही बघतात. मुलं बेंगळुरूला, पुण्याला. घरात उरतं ते गप्पपण.

आमचे हे गेल्यावर माझंही तसंच झालं. अशात शेजारचं भाडेकरू कुटुंब बदली होऊन गेलं. सामान टेम्पोत चढलं, त्यांचा नऊ वर्षांचा कुत्रा मात्र मागं राहिला. गावठी, तांबडा, एका डोळ्यात पांढरट झाक आलेली. चार दिवस बंद कुलपासमोर बसून होता. पाचव्या दिवशी मी भाकरी घातली, आणि सहाव्या दिवशी तो माझ्या पायरीवर.

जाऊबाई म्हणाल्या, "काय करूलालीस गे हे? रोज बस्तीला जाणारी बाई तू, आणि कुत्रं पाळतेस?" मुलगा फोनवर म्हणाला, "आई, करमत नसेल तर एखादं पिल्लू आणून देतो. हे म्हातारं कशाला?"

जाऊबाईंचं म्हणणं निराधार नाही. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळणं अनर्थदंडात धरलं आहे. त्यांच्या हिंसेत पाळणाऱ्याचाही वाटा येतो, म्हणून. शास्त्राला चूक म्हणायची माझी छाती नाही. पण मला वाटतं, हौसेनं प्राणी विकत आणणं वेगळं, आणि कुणीतरी टाकून दिलेल्या जिवाला पायरी देणं वेगळं. जीवंधरकुमारानं मार खाऊन मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव यक्ष झाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तू काल काय खाल्लंस, असं जीवंधरानं त्याला विचारलं नव्हतं.

मात्र मांजराच्या बाबतीत मी स्वतःला ही सूट देत नाही. कुत्र्याला धान्य पचतं. डॉक्टरांना विचारून डाळ, भात, भाकरी नीट बेतानं दिली तर तो निभावतो. मांजराचं शरीर तसं नाही. मांसातून मिळणारी काही द्रव्यं त्याला लागतातच, नाही मिळाली तर डोळे आणि हृदय बिघडतं. त्याला घरात कोंडून दूधभातावर ठेवणं म्हणजे दया नव्हे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ म्हणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. त्यातला शेवटचा इथं लागू होतो. ज्या बाईच्या चुलीवर मांस शिजणार नाही, तिनं मांजराला पाणी द्यावं, सावली द्यावी, आजारी असेल तर औषध द्यावं. पण घरात डांबू नये.

आता मुलाचं पिल्लू. मी अडुसष्ट वर्षांची. पिल्लू बारा-चौदा वर्षं जगायचं, म्हणजे मी ऐंशीची होईपर्यंत. पहिली दोन वर्षं ते साखळी ओढणार, पायात घुटमळणार. या वयात एकदा पडले की खुबा मोडायचा. आणि मी आधी गेले तर ऐन उमेदीतला तो जीव कुणाच्या दारात बसणार? म्हाताऱ्या कुत्र्याचा स्वभाव आपल्याला आधीच कळलेला असतो. त्याला घरात कुठं बसायचं, बाहेर कधी जायचं, हे शिकवावं लागत नाही. त्याचे गुडघे धरतात, माझेही धरतात. माझ्याकडे जेवढं उरलंय, तेवढंच तो मागतो.

तरीही कोण आधी जाईल, हे कुणाच्या हातात आहे? म्हणून त्याला रेबीजची लस टोचायला नेलं, त्याच दिवशी पुतण्याशी बोलून ठेवलं. माझ्यामागं हा त्याच्याकडे जाईल. हे ठरल्याशिवाय कुणी म्हाताऱ्या माणसानं जनावर घरात घेऊ नये, असं मला वाटतं.

खरा प्रश्न याहून खोल आहे. परिग्रहाच्या यादीत चतुष्पदही मोजले जातात. उतारवयात गाठी सोडवायच्या, आणि मी तर नवी बांधत होते! ही करुणा की माझाच मोह?

उत्तर साखळीनं दिलं. सुरुवातीला मी त्याला बांधून ठेवायची. त्या कुलपाकडे परत जाईल, मग माझ्याकडे येणारच नाही, ही भीती. तो रात्रभर कण्हायचा. एका रात्री प्रतिक्रमण म्हणताना पहिल्याच अतिचाराशी अडखळले: बंध. त्याच्या सुरक्षेसाठी बांधलं असतं तर गोष्ट निराळी होती. मी बांधलं होतं माझ्या एकटेपणासाठी.

सकाळी साखळी काढली. तो थेट शेजारच्या दाराशी गेला आणि बसून राहिला. मी हाक मारली नाही. मन फार खालीवर झालं, खोटं कशाला सांगू! ऊन चढल्यावर तो आपणहून परत आला.

अजूनही तो दिवसातून एकदा तिकडे जाऊन बसतो. मी अडवत नाही. त्या वेळी वरून विमान गेलं तर माझीही मान वर होते. मग दोघंही घरात येतो.