निळा धूर

माझ्या मेव्हण्याची डिझेल पिकअप सोलापुरी चादरींचे गठ्ठे वाहते. मध्यंतरी ती डिझेलबरोबर इंजिन ऑइलही पिऊ लागली. हजार किलोमीटरला दोन लिटर! बँकेत रुपयाचा फरक निघाला तर आम्ही रात्री नऊपर्यंत खतावण्या उपसत बसायचो. इथं लिटरचा हिशेब लागेना.

मिस्त्री मात्र अस्सल ऑडिटर. त्यानं रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरला. सकाळी कोरडा, म्हणजे गळती नाही. चालू इंजिनच्या ऑइलचं झाकण काढलं, तर आतून भसाभसा वाफा. एक्सिलरेटर दाबला, तर मागून निळा धूर.

"काळा असता तर डिझेलची भानगड. नुसता सकाळी सुरू करताना निळा असता, तर व्हॉल्व्हच्या सिलांवर भागलं असतं. हा दाबला की येतोय. रिंगा झिजल्या."

"दाजी, जाडं ऑइल भरतो," मेव्हणा कुजबुजला. "धूर दबेल, तोवर विकून टाकू."

गिऱ्हाईक आलं. धूर नाही बघून खूश झालं आणि माझ्याकडं वळलं, "साहेब, तुम्ही बँकेतले. घेऊ का?"

न विचारता गप्प बसणं खोटेपणा की नाही, यावर वाद घालता येईल. विचारल्यावर काय घालणार? मी म्हणालो, "ऑइल किती पिते, तेवढं विचारा."

व्यवहार मोडला. दुसऱ्याच्या पैशानं खरं बोलणं फार सोपं असतं, हे रात्री ध्यानात आलं. म्हणून रिंगांचा निम्मा खर्च मी दिला.

गाडीचा धूर थांबला. आमच्या स्वयंपाकघरातला अजून निघतोय.