जागृती आणि जागरण

कठोपनिषदात यमधर्म नचिकेत्याला सांगतो की, सारे निद्रिस्त असताना जो पुरुष आत जागा असतो, तेच शुद्ध ब्रह्म होय. १ जुलै १९४९ रोजी स्थापन झालेल्या भारतीय सनदी लेखापाल संस्थेने आपल्या गरुडमुद्रेवर याच मंत्राचा अंश धारण केला आहे. हिशेब तपासणाऱ्यांना ब्रह्मविद्येतील वचन कशासाठी हवे, असे कोणास वाटेल. परंतु जो परक्या धनाची राखण करतो, त्याने जागे असलेच पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो की, जागे असणे म्हणजे काय?

या संस्थेची एक शाखा जबलपुरातही आहे. नर्मदातीरावरील या नगरीतल्या एखाद्या मराठी गृहस्थाचा मुलगा ऑडिटच्या मोठ्या फर्ममध्ये नव्याने लागला, अशी कल्पना करावी. त्याच्या वाट्याला काय येते? पावती खातेवहीशी ताडून पाहणे, गोदामातील माल मोजणे, बँकेकडून शिलकेची खात्री करून घेणे आणि जुळले तेथे खूण करणे. अहवालावर सही भागीदाराची, मान त्याचा, मोबदलाही त्याचाच मोठा. पन्नास पावत्यांपैकी तिसाव्या पावतीला डोळे जड होतात. उरलेल्या विसांवर न पाहताच खूण केली, तर कोणास कळणार आहे?

भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात मनुष्याचा अधिकार कर्मापुरता सांगितला, तो अशाच क्षणासाठी. सही दुसऱ्याची असली तरी खूण याची आहे. त्या खुणेवर विसंबून कोणी अनोळखी पेन्शनर आपली पुंजी गुंतवतो. ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’ कंपनीच्या अध्यक्षांनी कबूल केले की, ताळेबंदात दाखविलेली पाच हजार कोटींहून अधिक रुपयांची शिल्लक मुळात नव्हतीच. वर्षानुवर्षे त्या ताळेबंदांवर लेखापरीक्षकांच्या सह्या होत आल्या होत्या! लहान खूण खरी ठेवणे हाच त्या तरुणाचा लोकसंग्रह होय.

परंतु याच उपदेशाचा एक विपर्यास होतो. ‘फळाची आशा न धरता काम करावे’ हे वचन पुढे करून नवशिक्याकडून रात्रीमागून रात्री काम घेतले जाते. येथे गीतेचा सहावा अध्याय उघडावा. निद्रा जिंकली म्हणून ज्याला गुडाकेश म्हणतात, त्याच अर्जुनाला भगवान सांगतात की, फार झोपणाऱ्याप्रमाणेच फार जागणाऱ्यालाही योग साधत नाही. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागेपण ही सारी युक्त, म्हणजे प्रमाणात असली, तरच योग दुःख हरण करतो. निद्राजयी वीराला ज्या मर्यादेची गरज होती, ती कारकुनाला नको काय?

जुलै २०२४ मध्ये पुण्यातील एका मोठ्या फर्ममध्ये अवघे चार महिने काम केलेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या आईने फर्मच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात अतिश्रमाला दोष दिला. फर्मने तो मान्य केला नाही. निवाडा काहीही असो, त्या मातेचा आक्रोश प्रत्येक घराने ऐकावा असा आहे. निष्काम होण्याचा उपदेश करणाऱ्याने आहे. काम करवून घेणाऱ्याची ती ढाल नव्हे. घेणाऱ्यासाठी तिसरा अध्याय आहे. जो दुसऱ्यांकडून घेतो आणि त्यांना त्यांचा भाग देत नाही, त्याला तेथे चोर म्हटले आहे. मग सेवकाची झोप घेऊन ती कधीच परत न करणारा कोण ठरतो?

शिवाय जागरण हे जागृतीचे शत्रू आहे. रात्रभर जागलेला मनुष्य दुपारी उघड्या डोळ्यांनी झोपतो आणि खोटी खूण त्याच वेळी पडते. जबलपुरात मदनमहालाजवळ एक प्रचंड शिला दुसऱ्या शिलेवर अगदी थोडा आधार घेऊन तोललेली आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात नगरातील कितीतरी घरे पडली, पण ती शिला ढळली नाही. भार आधारावर सरळ आहे, म्हणून ती टिकली. गीता ज्याला समत्व म्हणते, त्याची ही पाषाणातील खूणच समजावी.

म्हणून, गृहस्थहो, नोकरीला लागलेल्या मुलाला केवळ ‘पगार किती?’ असे विचारू नये. ‘आज न पाहता खूण तर केली नाहीस ना?’ हे विचारावे, आणि ‘काल किती वेळ झोपलास?’ हेही विचारावे. दोन्ही उत्तरे समाधानकारक नसतील, तर नोकरी सोडण्याचेही बळ त्याला घराने द्यावे. जगाचे ताळेबंद तपासणाऱ्या त्या मुलाच्या आयुष्याचा ताळेबंद तपासणारे दुसरे कोणी नाही. त्याचे अंतःकरण जागे राहो आणि शरीराला वेळेवर विसावा मिळो, हीच श्रीकृष्णचरणी प्रार्थना.