परक्या खुणेचें विमान

१९३७ सालच्या एखाद्या जर्मन हाइंकेल विमानाचें छायाचित्र पाहतांना मनुष्य क्षणभर बुचकळ्यांत पडतो. यंत्र जर्मन, वैमानिक जर्मन. पण अंगावर जर्मनीचें एकहि चिन्ह नाहीं. कुशीवर काळी तबकडी आणि शेपटीच्या पांढऱ्या सुकाणूवर काळी तिरपी फुली. ही खूण स्पेनमधील फ्रँकोच्या पक्षाची. पुढें ‘काँडोर लीजन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या जर्मन दलाची पहिली माणसें १९३६ च्या जुलैअखेर हँबुर्गहून निघालीं, तीं प्रवासी मंडळाच्या वेषांत.

लबाडी खरी, पण ती कोणाशीं? शत्रूचें निशाण लावून त्याला फसविणें १९०७ च्या हेग नियमांनीं निषिद्ध ठरविलें होतें. येथें निशाण मित्राचें, त्याच्याच संमतीनें घेतलेलें. आणि वरून कोण येत आहे हें समोरचा पक्ष पुरतें जाणून होता.

आम्हांस वाटतें, ही खूण लंडनसाठीं होती. ऑगस्ट १९३६ मध्यें जर्मनीनें स्पेनच्या यादवींत हात न घालण्याचें मान्य केलें होतें, आणि त्यावर देखरेख करणारी समिती लंडनला बसत असे. तेथील मुत्सद्द्यांना सत्य ठाऊक नव्हतें असें म्हणणें हा त्यांच्या बुद्धीचा अपमान होईल. त्यांना डोळेझाक करण्यास निमित्त हवें होतें. तें काळ्या तबकडीनें पुरविलें. ज्या असत्यावर कोणीच विश्वास ठेवीत नाहीं तें निरुपद्रवी, असें आपण घरींदारीं सहज मानतों. आम्हीहि मानीत आलों.

२६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. जर्मन विमानांनीं, इटालियनांच्या जोडीनें, बास्क प्रांतांतील गेर्निका गांव जाळलें. माघार घेणाऱ्या शत्रूनेंच आग लावली, असें फ्रँकोपक्षानें जाहीर केलें. वार्ताहर जॉर्ज स्टीअर यांना मात्र बाँबच्या नळकांड्यांवर जर्मन गरुड आढळला. विमानें रंगविलीं, बाँब रंगवावयाचे राहिले!

वेषांतर हेंच पाप, असें आमचें म्हणणें नाहीं. अर्जुन वर्षभर बृहन्नडा होऊन राहिला. परंतु बाण सोडण्याची वेळ येतांच त्यानें उत्तराचा सिंहध्वज उतरवून आपला कपिध्वज उभारला. मारणारा कोण, हें समोरच्यास कळूं देण्याची जबाबदारी त्यानें टाळली नाहीं.

जून १९३९ मध्यें, विजयानंतर, हेंच दल बर्लिनच्या रस्त्यांतून उघडपणें मिरवत गेलें. गेर्निकांतील जर्मनांचा हात मात्र जर्मन राष्ट्राध्यक्षांनीं १९९७ सालीं, म्हणजे साठ वर्षांनीं, कबूल केला; त्या दिवशींचे जे कोणी हयात राहिले होते, त्यांना उद्देशून.