हमी कोणाची?



घरातील एखादे यंत्र बंद पडावे, ही काही चिंतनाला बसण्याजोगी घटना नव्हे. दुरुस्त करणाऱ्याला बोलवावे, पैसे मोजावेत आणि विसरून जावे, हा जगाचा रिवाज आहे. तरीही आमच्या घरातील एका बंद पडलेल्या दूरदर्शन संचाने माझ्यापुढे असा प्रश्न उभा केला की, तो आपणापुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. प्रश्न साधा आहे. ज्याने आपल्याला दिलेला शब्द पाळण्याची टाळाटाळ चालविली आहे, त्याच्याशी खरे बोलण्यास आपण बांधलेले आहोत काय?

आमचे कुटुंब मूळचे नगरकडचे. नोकरीनिमित्त अनेक वर्षे चेन्नईत, वेलाचेरी भागात राहते. 2022 च्या पोंगलच्या दिवसांत आम्ही 38,000 रुपयांचा दूरदर्शन संच घेतला. पैसे भरण्याच्या वेळी विक्रेत्याने आणखी एक कागद पुढे सरकविला. कंपनीची हमी एका वर्षाची. आणखी 2,500 रुपये भरल्यास ती पुढे दोन वर्षे वाढणार होती. या शहराची खारी हवा, दमटपणा आणि विजेचा कमीजास्त होणारा दाब यांचे त्याने असे वर्णन केले की, संच घरी पोहोचण्याआधीच बिघडतो की काय, असे वाटू लागले. आम्ही सही केली. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेल्या अटी वाचल्या नाहीत. आपणांपैकी कितीजण वाचतात?

2024 च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी पडद्यावर उभ्या रेषा उमटल्या आणि थोड्या वेळाने चित्र नाहीसे झाले. आवाज तेवढा येत राहिला. हमीचे पाच महिने शिल्लक होते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मग फेऱ्या सुरू झाल्या. दुकानदार म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, आमचे वर्ष संपले, वाढीव हमी देणाऱ्यांकडे जा. ती हमी देणारी संस्था तिसरीच निघाली. तिला पावती हवी होती, आणि पावतीवरची शाई तर दोन वर्षांत पुसट होऊन कागद जवळजवळ कोरा झाला होता. सुदैवाने पत्नीने तिचे छायाचित्र काढून ठेवले होते. अकराव्या दिवशी तंत्रज्ञ आला. पडदा, म्हणजे ज्याला ते ‘पॅनेल’ म्हणतात तो, निकामी झाला होता. जुन्या काचेच्या नळीच्या संचात रिची स्ट्रीटवरून एखादा सुटा भाग आणून काम भागत असे. आताच्या संचात पॅनेल गेले म्हणजे बहुतेक किंमतच गेली.

मग त्याने एक छापील पत्रक माझ्या हाती दिले. त्यात एक प्रश्न होता : संचाचा पाण्याशी कधी संपर्क आला होता काय? समोर दोन चौकटी होत्या, ‘होय’ आणि ‘नाही’.

येथे मला थोडे मागे जावे लागेल. 2023 च्या डिसेंबरच्या आरंभी मिचाँग चक्रीवादळाने चेन्नईला झोडपले, हे आपणांस आठवत असेल. वेलाचेरीत रस्त्यांचे ओढे झाले होते. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. आत पूर आला नाही, पण खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपून भिंतीवरून खाली ओघळले आणि त्याचे काही थेंब संचाच्या कडेवर पडले. वीज गेलेली होती. मुलाने विजेरी धरली, मी फडक्याने कड पुसली. वीज आल्यावर संच सुरू झाला आणि पुढे आठ महिने विनातक्रार चालला. त्या थेंबांमुळे तो बिघडला असेल काय? मला तसे वाटत नाही. परंतु पत्रकात मला काय वाटते ते विचारले नव्हते.

माझी लेखणी अडखळलेली पाहून तंत्रज्ञ हळूच म्हणाला, “‘नाही’ लिहा, सार. परवायिल्लै. सगळे तसेच लिहितात.” वाचक, ‘परवायिल्लै’ म्हणजे आपले ‘पर्वा नाही’च. तो माणूस लबाड नव्हता. उन्हातून आला होता, आमच्याकडचे पाणी प्यायला होता आणि आमचे नुकसान होऊ नये, असे त्याला मनापासून वाटत होते. पत्नी म्हणाली, “अहो, उद्या लिहून देतो म्हणा त्यांना.” कोपऱ्यात आमचा बारा वर्षांचा मुलगा उभा होता. त्या रात्री विजेरी त्याच्याच हाती होती.

ती रात्र मी ‘नाही’च्या बाजूने जे जे म्हणता येईल ते ते मनात मांडून पाहिले. आपणही ते तोलून पाहावे.

पहिले म्हणणे असे : पाणी हे बिघाडाचे कारण नाही, तेव्हा ‘नाही’ हे उत्तर शब्दाने खोटे असले तरी अर्थाने खरे आहे. हे मोठे मोहक वाटते. पण प्रश्न संपर्काचा होता, कारणाचा नव्हता. कारण कोणते, हे तपासण्याचा अधिकार दोन्ही पक्षांना आहे. मी ‘नाही’ लिहिले, तर तपास होण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळा होतो, आणि तोही माझ्याच खटल्यात.

दुसरे म्हणणे अधिक बळकट आहे : त्यांनी आपल्याला फिरविले, अटी बारीक अक्षरांत दडविल्या, भीती दाखवून पैसे घेतले, अशांना सत्य देणे लागत नाही. येथे मी बराच वेळ थांबलो, कारण रागाला न्यायाचा चेहरा चटकन चढतो. पण विचार करता असे दिसले की, माझा खरेपणा हा त्यांच्या खरेपणाच्या बदल्यात द्यायचा माल असेल, तर तो खरेपणा नव्हे, तो सौदा आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शपथेचा विषय काढला तो याच कारणाने. शपथ वाहिली तरच खरे बोलायचे असेल, तर एरवीच्या बोलण्याची किंमत काय राहिली? समोरचा भला असेल तरच खरे बोलायचे, हीही त्याच जातीची सवलत आहे.

तिसरे म्हणणे असे : यात कोणाचेच नुकसान नाही. परंतु विचार करा, त्या बारीक अटी आल्या कोठून? विकत घेणाऱ्याला वस्तूचा आतला दोष दिसत नाही, आणि हमी देणाऱ्याला घरात काय घडले ते दिसत नाही. दोघेही एकमेकांच्या शब्दावर विसंबलेले असतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये एका प्रसिद्ध निबंधात दाखविले की, अशा बाजारात अप्रामाणिकपणाची किंमत फसविला गेलेला एकटा माणूस देत नाही. चांगला मालही बाजारातून मागे हटतो. या कामासाठी त्यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ‘सगळे तसेच लिहितात’ म्हणूनही अटी वाढत जातात, आणि अटी वाढतात म्हणून सगळे तसेच लिहितात. या चक्रात शेवटी सापडतो तो खरे लिहिणारा.

त्याच आठवड्यात कामानिमित्त फोर्ट सेंट जॉर्जकडे गेलो असता तेथील सेंट मेरीज चर्चमध्ये थोडा वेळ बसलो. 1680 मध्ये प्रतिष्ठापित झालेले हे मंदिर. तेथे ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याचे स्मारक आहे. ते ईस्ट इंडिया कंपनीने उभारले. हमी या शब्दाने डोके भणभणत असल्यामुळे असेल, या माणसाची एक हकिगत मला एकाएकी नव्याने कळली.

श्वार्ट्झ 1750 मध्ये तरंगमबाडीस आला आणि पुढे तंजावरास राहिला. तेथे भोसल्यांचे मराठी राज्य होते. दरबाराशी बोलता यावे म्हणून तो आपली मराठीही शिकला. 1781 च्या सुमारास हैदर अलीच्या स्वारीने तो मुलूख उद्ध्वस्त झाला. किल्ल्यात उपासमार होती, खेड्यांत धान्य होते. पण ते वाहून आणायला बैल मिळेनात. शेतकऱ्यांना पूर्वी मोबदला मिळाला नव्हता, त्यामुळे ना राजाच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, ना इंग्रजांच्या. शेवटी श्वार्ट्झने आपल्या नावाने पत्रे लिहिली : प्रत्येकाचा पैसा मी स्वतःच्या हाताने देईन, आणि वाटेत शत्रूने कोणाचा बैल नेला तर त्याचीही भरपाई करीन. एकदोन दिवसांत हजारावर बैल आले. किल्ला तगला, आणि दिलेला शब्द पाळला गेला.

वाचक, ही केवढी हमी! आजचा कोणताही हमीपत्रक लिहिणारा ‘शत्रूने नेल्यास’ हा धोका प्रथम वगळील. श्वार्ट्झने नेमका तोच अंगावर घेतला, कारण शेतकऱ्याला खरी भीती त्याचीच होती. परक्यासाठी जामीन राहू नये, असा सावधगिरीचा सल्ला नीतिसूत्रांत आहे. तो त्याला ठाऊक नव्हता असे थोडेच आहे! पण दोन बाजूंचा विश्वास तुटला असता कोणीतरी मध्ये उभे राहावे लागते. पुढे 1787 मध्ये मरणशय्येवरील तुळजाजी राजांनी आपला दत्तक पुत्र सरफोजी याची काळजी याच माणसावर सोपविली. सरफोजींचा छळ होऊ लागला तेव्हा 1793 मध्ये त्यांना मद्रासेस आणून सुरक्षित ठेवण्यात आले. 1798 मध्ये श्वार्ट्झ वारला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजांनी त्याचे जे संगमरवरी स्मारक तंजावरास उभारविले, त्यात मरणाऱ्या श्वार्ट्झच्या शय्येपाशी स्वतः राजे उभे असलेले कोरले आहेत.

तो शब्द एका दिवसात मोलाचा झाला नव्हता. ज्या शब्दावर हजार बैल आले, तो शब्द त्याआधी तीस वर्षे लहानसहान गोष्टींत खरा ठरत आला होता. लहान ‘नाही’ची पर्वा न करणाऱ्याच्या मोठ्या ‘होय’वर कोणी बैल जुंपत नाही.

मी ‘होय’च्या चौकटीत खूण केली आणि खाली डिसेंबरची हकिगत तारखेसह लिहिली. पण एवढ्यावर थांबलो नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो. आपल्या मंडळ्यांत असे मानणारे पुष्कळ आहेत की, ख्रिस्ती माणसाने हक्कासाठी भांडू नये, सोसावे आणि सोडून द्यावे. स्वतःचे सोडून देणे कधी कधी थोर असते. परंतु फिलिप्पैमध्ये पौलाला गुपचूप सोडून देऊ लागले तेव्हा त्याने नकार दिला आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणास बाहेर न्यावे, असा आग्रह धरला. पुढे त्याने कैसराकडे दादही मागितली. तो अहंकार नव्हता. आज आपण मुकाट्याने सोडले की उद्या निवृत्तिवेतनातून संच घेणारी एखादी विधवाही तशीच परतविली जाते. मुंबईत 1966 मध्ये ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ आणि मद्रासेत 1985 मध्ये ‘कन्झ्युमर अ‍ॅक्शन ग्रुप’ स्थापन झाला, तो अशाच सामान्यांची बाजू घेण्यासाठी.

उत्तर आले ते असे : पाण्याशी संपर्क आल्याचे आपण स्वतःच मान्य केले आहे, सबब मागणी नामंजूर. मी विचारले, थेंबांमुळेच पॅनेल गेले, असे आपल्या तंत्रज्ञाने लिहिले आहे काय? फेरतपासणी झाली. आत ओलीचा डाग वा गंज आढळला नाही. तरीही उत्तर बदलले नाही. माझी कबुलीच पुरेशी ठरली. तेव्हा 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविली, आणि तेथेही निभाव लागेना म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो तेथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही. निकाल अजून लागलेला नाही. तो माझ्या बाजूने लागेल की नाही, मला माहीत नाही.

खरे बोलल्याचे बक्षीस मिळाले, असा या लेखाचा शेवट करता आला असता, तर वाचायला गोड वाटले असते. पण तसे झालेले नाही, आणि त्याचे मला फारसे वाईटही वाटत नाही. स्वतःच्या तोट्याचे असले तरी वचन न बदलणाऱ्या माणसाचे कौतुक पंधराव्या स्तोत्रात आहे. तोटा पुढे भरून निघतो, असे आश्वासन त्या कौतुकाला जोडलेले नाही.

भिंतीवरची जागा आज रिकामी आहे. मध्यंतरी मुलाच्या हातून शाळेच्या प्रयोगशाळेतील एक काचपात्र फुटले. कोणी पाहिले नव्हते. त्याने बाईंना जाऊन सांगितले, भरपाईचे पैसे भरावे लागले, आणि घरी आल्यावर तो मला एवढेच म्हणाला, “बाबा, मी ‘होय’ लिहिलं.”

वाचक, आपल्याही समोर असे एखादे पत्रक आज ना उद्या येईल : विम्याचे, रजेचे, प्रवासभत्त्याचे, कराचे. शेजारी कोणी भला माणूस उभा असेल आणि ‘पर्वा नाही’ असे प्रेमाने सांगेल. आपले जे आहे ते शेवटच्या पैशापर्यंत अवश्य मागा. मात्र खोट्या खुणेने मिळणारा एक पैसाही त्यात मिसळू देऊ नका. यंत्राची हमी दोनतीन वर्षांत संपते. आपल्या शब्दाची हमी देणारे मात्र आपल्यावाचून दुसरे कोणीच नसते.